वाटीतले चणे

कोलकात्यात एस्प्लनेडच्या ट्रामगुमटीपासून थोडं चाललं की डेकर्स लेन लागते. आठवडाभर दुपारी तिथे कचेऱ्यांतल्या माणसांची स्ट्यू आणि टोस्टसाठी झुंबड असते. शनिवारी संध्याकाळी ती ओसरली की एका चहावाल्याच्या बाकांवर नऊ जण जमत. कुणी बँकेतलं, कुणी शाळेतलं, एक जण औषधाच्या दुकानातला. सगळ्यांना फोटोंचा नाद. आठवड्याभरात काढलेला एक फोटो छापून आणायचा, बाकावर मांडायचा आणि त्यावर बोलायचं, एवढाच रिवाज.

बोलायचं म्हणजे खरं तर मास्टरमोशायांनी बोलायचं. निवृत्त इतिहासशिक्षक, वाचन दांडगं. चौरंगीच्या कोपऱ्यावरचा बोर्न अँड शेफर्डचा स्टुडिओ, १९९१ च्या आगीत जळालेला त्याचा जुना संग्रह, २०१६ मध्ये त्याला लागलेलं कायमचं कुलूप, हे सगळं ते घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगत. त्यांनी एखादा फोटो नावाजला की तो चांगला, आणि नुसतं ‘हूं’ केलं की पुढचा. औषधाच्या दुकानातला मुलगा पावसाळ्यापासून येत होता, पण त्याचं मत काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आबांना हे खुपायचं. आबा मूळचे नागपूरचे. जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या रुळांवरून जी मराठी घरं कोलकात्यात आली, त्यांतलंच त्यांचं एक. नोकरी गार्डन रीचच्या मुख्यालयात झाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. एका शनिवारी ते चण्यांची पुडी आणि पिशवीभर स्टीलच्या वाट्या घेऊन आले.

“प्रत्येक फोटोपुढे एक वाटी ठेवू. ज्याला जो आवडेल, त्याने त्यात आपला चणा टाकायचा. मास्टरमोशायांचाही चणा एकच.”

मास्टरमोशायांनी मान डोलावली. चांगला माणूस होता तो.

सुरुवातीला या चण्यांनी मोठं काम केलं, हे मान्य करायला हवं. जी माणसं तोंड उघडत नव्हती, त्यांचा हात वाटीपर्यंत जाऊ लागला. गटातल्या एक वहिनी, सगळ्यांच्या ‘बौदी’, सर्वांसाठी घरून निमकी आणत. त्यांच्या फोटोला पहिल्यांदाच चार चणे पडले, तेव्हा त्या सगळ्या लेनला ऐकू जाईल अशा हसल्या. पण वाट्या उघड्या होत्या. ज्या वाटीत आधीच दोन-तीन चणे दिसत, तिच्यातच पुढचे पडत. रिकामी वाटी बहुधा रिकामीच राही. हळूहळू बोलणंही आटलं. चणे मोजून झाले की निकाल कळलेला असे, मग फोटोपाशी थांबायचं कशाला?

गटात अमरावतीची एक मुलगी होती, बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकणारी. तिला यात नवल वाटलं नाही.

“आबा, अमेरिकेत तिघांनी असाच प्रयोग केलाय. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स. २००६ मध्ये तो छापून आला. चौदा हजारांवर माणसांना नवख्या बँडची गाणी ऐकवली. काहींना नुसती गाणी दिली, काहींना प्रत्येक गाणं आधी किती जणांनी उतरवून घेतलंय तेही दाखवलं. आकडा दिसला की लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली. पण वेगवेगळ्या गटांत वर आलेलं गाणं वेगवेगळं होतं.”

“गाणी तीच?”

“तीच. आधीचे चणे वेगळे.”

दुसऱ्या शनिवारी आबांनी वाट्यांवर रुमाल टाकले. गर्दीची ओढ कमी झाली, हे खरं. पण तोवर काय आणलं की चणे मिळतात, ते सगळ्यांना उमगलं होतं. त्यातच २०२४ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने जाहीर केलं की एस्प्लनेड ते मैदान हा वारशाचा तुकडा सोडून ट्राम बंद होणार. १९०२ मध्ये याच एस्प्लनेडहून खिदिरपूरला विजेवरची पहिली ट्राम धावली होती. सगळ्यांचाच जीव कळवळला आणि बाकावर ट्रामच ट्राम दिसू लागल्या: भिजलेले रूळ, पिवळा दिवा, खिडकीतला म्हातारा. फोटो सुंदर असत. ते एकमेकांसारखे झालेत, हे मात्र कुणी बोलेना.

मग कुणीतरी सुचवलं, नावडलेल्या फोटोसाठी काळी मिरी असावी. तेवढीच खरी टीका होईल. त्या शनिवारी औषधाच्या दुकानातल्या मुलाने एक मळकट, अंधारा फोटो आणला होता. गुमटीतल्या कर्मचाऱ्याचा हात, त्याखाली नोंदवही, शेजारी मातीचा पेला. रुमाल उचलला तर वाटीत तीन मिऱ्या, चणा एकही नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच उरली नव्हती. मुलाने फोटो पिशवीत घातला आणि चहा न घेता निघून गेला. पुढच्या शनिवारी तो आलाच नाही.

तेव्हा मास्टरमोशाय कित्येक दिवसांनी बोलले.

“इथून पश्चिमेला, राजभवनापलीकडे टाऊन हॉल आहे. सगळ्यांनी बाहेरून पाहिलाय. १८५६ मध्ये या शहरात फोटोंच्या हौशी लोकांनी एक संस्था काढली, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बेंगॉल. साहेब लोक जास्त, आपले थोडे. त्या थोड्यांतले एक राजेंद्रलाल मित्र, संस्थेचे पदाधिकारी. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये टाऊन हॉलमध्ये सभा झाली. मुद्दा असा, की खेड्यापाड्यांतल्या गोऱ्यांनाही तिथल्या फौजदारी न्यायालयांपुढे उभं करावं की नाही. राजेंद्रलाल उभे राहिले आणि निळीच्या मळेवाल्यांवर तुटून पडले. झालं, फोटोंच्या संस्थेतले साहेब खवळले. बहुमत त्यांचं होतं. राजेंद्रलालना संस्थेतून काढून टाकलं.”

“फोटोंचा काय संबंध?” बौदींनी विचारलं.

“काहीच नाही. कौल फोटोंच्या संस्थेत घेतला, पण दिला तो भाषणावर. तोच माणूस १८८५ मध्ये एशियाटिक सोसायटीचा पहिला भारतीय अध्यक्ष झाला.” मास्टरमोशायांनी मिऱ्यांची पुडी उचलली. “मला एवढंच जाणून घ्यायचंय, की या तीन मिऱ्या कशाला होत्या? फोटोला? अंधाराला? की ट्राम न काढल्याबद्दल?”

कुणी उत्तर दिलं नाही. मास्टरमोशाय स्वतः औषधाच्या दुकानात गेले आणि मुलाला घेऊन आले.

दिवाळी जवळ आली होती. मराठी मंडळींच्या मेळाव्यात भिंतीवर लावायला एस्प्लनेडचा एक फोटो द्या, असं आबांना सांगणं आलं होतं. तीन फोटो बाकावर मांडले. बँकेतल्या दादांची पावसातली ट्राम. टिपू सुलतान मशिदीचे घुमट आणि पायथ्याशी फळवाले. आणि मास्टरमोशायांनी आग्रहाने ठेवलेला तो गुमटीतला हात. या वेळी मुलीने चणे बाजूला सारले आणि चिठ्ठ्या वाटल्या.

“नुसता आवडता नको. पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लिहा.”

चिठ्ठ्या उघडून तिने वहीत मांडलं. चौघांनी लिहिलं होतं ट्राम, मशीद, हात. तिघांनी हात, मशीद, ट्राम. दोघांनी मशीद, हात, ट्राम.

“चण्यांच्या रीतीने ट्राम जिंकली,” ती म्हणाली. “चार, तीन, दोन.”

दादांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

“आता सर्वांत मागे राहिलेली मशीद काढू आणि उरलेल्या दोघांत पुन्हा बघू. मशीदवाल्या दोघांचा दुसरा क्रम हात आहे. हाताला पाच, ट्रामला चार. हात जिंकला.”

“अगं, पण…”

“थांबा आबा. बोर्दा नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १७७० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गुणांची रीत मांडली होती. पहिल्याला दोन गुण, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला शून्य. ट्राम आठ, हात आठ, मशीद अकरा. आणि दोन-दोन फोटोंची जोडी लावली, तरी मशीद दोघांनाही हरवते.”

आबा वहीकडे बघत राहिले. त्यांनी वाट्या आणल्या होत्या त्या न्यायासाठी. माणसं तीच, मतं तीच, एकानेही चिठ्ठीतलं अक्षर बदललं नव्हतं, आणि तीन रीतींनी तीन विजेते.

“मग यातला खरा कुठला?” बौदींनी विचारलं.

“कशाला खरं म्हणायचं, ते वही सांगत नाही,” मुलगी म्हणाली. “ज्याचे चाहते जास्त तो हवा, की ज्यावर बहुतेकांचा राग नाही तो? ते बोलूनच ठरवावं लागेल.”

बराच वेळ कुणी सुरुवात करेना. सवयच गेली होती. शेवटी दादांनी हाताचा फोटो उचलून दिव्याखाली धरला.

“मिरी टाकणाऱ्यांत मी होतो,” ते मुलाला म्हणाले. “मला हा नुसता अंधारा वाटला. तू हा का काढलास, ते सांग.”

मुलगा अडखळत बोलू लागला. “दादा, ट्राम सुटली की गुमटीत वेळ लिहितात. मी तिथे रोज उभा असतो, बस मिळेपर्यंत. बातमी आली त्या दिवशीही ते काका तसेच लिहीत होते, त्याच अक्षरात. वही बघा. वरची पानं गच्च भरलीत. या पानावर चारच ओळी आहेत. खाली सगळं कोरं.”

दादांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. कोऱ्या ओळी तिथे होत्या, पहिल्यापासून होत्या. त्यांनी तो बौदींकडे दिला, बौदींनी मास्टरमोशायांकडे. एवढा वेळ एखादा फोटो हातोहात फिरल्याला कित्येक आठवडे झाले होते.

“माझी चिठ्ठी दे,” दादा मुलीला म्हणाले. त्यांनी आपला क्रम खोडला आणि नवा लिहिला: हात, ट्राम, मशीद.

“दादा, तुमचीच ट्राम दुसरी?”

“ट्राम चांगलीच आहे. पण तशा ट्राम आपण सगळ्यांनी काढल्या.”

मुलीने पुन्हा मांडलं. चण्यांच्या रीतीने आता हात चार, ट्राम तीन, मशीद दोन. गुणांच्या रीतीने ट्राम सात, आणि मशीद व हात दोन्ही दहा.

“बरोबरी,” ती म्हणाली.

आबांनी चण्यांची पुडी सोडली आणि चणे सर्वांना खायला वाटले. मास्टरमोशायांनी आणखी नऊ चहा सांगितले आणि बौदींकडे वळले.

“तुम्ही मशीद पहिली लिहिलीत. तुम्हाला त्यात काय दिसलं, ते आम्ही अजून ऐकलंच नाही. सांगा.”