भार कुठून येतो?

कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात होता. गव्हाणीपासून फाटकाबाहेरपर्यंत उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि नेमका तेव्हाच मिश्र रसाचा पंप बेअरिंगं खायला लागला. पंप थांबला की मिल थांबते. मिल थांबली की तोडून आणलेला ऊस गाडीतच वाळतो, काट्यावर वजन कमी भरतं आणि नुकसान शेतकऱ्याच्या पदरात पडतं. म्हणून या पंपाची चिंता मेंटेनन्सपुरती राहिली नव्हती.

पंपाच्या शाफ्टवर ७२०८ नंबरची अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगं पाठीला पाठ लावून बसवलेली होती. आतला व्यास ४० मिलिमीटर, बाहेरचा ८०, रुंदी १८. मेंटेनन्सला नुकताच रुजू झालेला इंजिनिअर हुशार होता, कामाला रात्र म्हणत नव्हता. आधीची नोकरी त्यानं मशीन टूलच्या कारखान्यात केलेली. स्पिंडलमध्ये किती अचूक बेअरिंगं लागतात ते त्यानं स्वतः पाहिलं होतं. त्यानं सरळ हिशेब केला: साधं टिकत नाही, मग उत्तम आणू. त्याच नंबरात, अगदी त्याच मापात, पी-फोर अचूकतेची स्पिंडल बेअरिंगं मिळतात. किंमत कितीतरी पट. हंगाम चालू असल्यानं चीफ इंजिनिअरनी लगेच सही केली आणि दोन जोड्या आल्या, एक बसवायला आणि एक हाताशी.

हौसिंगमध्ये जोडी तंतोतंत बसली. जुन्या मिस्त्रींनी शाफ्ट हातानं फिरवून पाहिला. "साहेब, फिरतंय लोण्यागत. पण ह्यो पंप हाय," एवढंच ते म्हणाले.

ही जोडी आधीच्या जोडीपेक्षाही लवकर गेली.

इंजिनिअरनं फुटकी जोडी फडक्यात बांधली आणि तो सांगलीत बेअरिंगच्या दुकानी गेला. गल्ल्यावर साठी उलटलेल्या काकू होत्या. "याच्यापेक्षा भारी काय आहे ते दाखवा," तो म्हणाला. दुकानदाराला याहून चांगलं गिऱ्हाईक कोणतं! काकूंनी मात्र कपाट उघडलं नाही. त्यांनी फडकं सोडलं, चष्मा वर सरकवला आणि दोन्ही बेअरिंगांच्या इनर रेस उजेडात धरल्या.

एका रेसवर छर्‍यांची वाट खोबणीच्या एका कडेला चढलेली होती. त्या वाटेवर पोलादाचे पापुद्रे सुटून खड्डे पडले होते आणि कड तापून निळी झाली होती. दुसऱ्या रेसवर पुसट रेघ, बाकी रेस नव्यासारखी.

"साहेब, ही जोडी होती ना? मग सगळं ओझं एकट्यानंच का उचललं?"

"शाफ्ट एका बाजूला ढकलला जात असणार."

"कोणत्या बाजूला? किती जोरानं? आणि फेरे किती?"

फेरे त्याला ठाऊक होते, मिनिटाला १४५०. बाकी दोन्ही प्रश्नांवर तो गप्प बसला. काकूंनी बेअरिंगवरचा नंबर वाचला. "हे १५ अंशांच्या कोनाचं आहे. फेरे जास्त आणि ढकलणं कमी, अशा जागेचं. तुमच्या पंपाला ४० अंशांचं लागतं. अडकलेली गाडी काढणारा माणूस ताठ उभा राहून ढकलतो का? अंग तिरकं करून जोर लावतो. छर्‍याचंही तसंच."

ढोबळ हिशेब त्यानं तिथंच बिलाच्या पाठीवर मांडला. शाफ्टच्या दिशेनं येणारा जोर तेवढाच असला, तर ४० अंशांच्या मानानं १५ अंशांच्या बेअरिंगमध्ये प्रत्येक छर्‍यावर सुमारे अडीच पट दाब येतो. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या तिसऱ्या घातानं घटतं. अडीचाचा घन पंधराच्या पुढं जातो. कितीतरी पट पैसे मोजून त्यानं पंधरावा हिस्सा आयुष्य विकत घेतलं होतं.

"मग ४० अंशांची द्या."

"देते. पण आधीची साधी जोडी ४० अंशांचीच होती ना? तीही गेलीच की. भार कुठून येतो ते बघून या, मग देते."

विक्री हातची जात असतानाही काकू हे बोलल्या. हातात पैसे घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवायला केवढी निष्ठा लागते! या गोष्टीत मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच.

रात्रीच्या पाळीत पंप खोलला. अशा पंपात इंपेलरच्या पाठीमागं रसाचा दाब जास्त असतो आणि पुढं, सक्शनकडं, कमी. त्यामुळं शाफ्ट सतत सक्शनकडं ओढला जातो. हा जोर हलका व्हावा म्हणून इंपेलरला दाब समतोल करणारी भोकं पाडलेली असतात. मिस्त्रींनी बॅटरी धरली. एकाही भोकातून उजेड पलीकडं गेला नाही. रसाबरोबर आलेलं बगॅसचं बारीक भुसकट भोकांत ठासून बसलं होतं, वाळून लाकडासारखं झालेलं. इंजिनिअरनं तारेनं एकेक भोक स्वतः मोकळं केलं. मागच्या वेअर रिंगही झिजलेल्या होत्या, त्या बदलल्या. रसाच्या वाटेवरच्या चाळणीची जाळी फाटलेली निघाली, तीही नवी बसवली.

सकाळी तो पुन्हा दुकानात आला. आता त्याच्याकडं पंपाचं चित्र होतं आणि त्यावर बाण काढलेला होता. काकूंनी ४० अंशांची, पितळी केजची जोडी काढली. वेगवेगळ्या खोक्यांतली दोन सुटी बेअरिंगं त्यांनी दिली नाहीत. जोडीनं लावता येतील अशा बेतानं कडा घासलेली असली तरच दोन बेअरिंगं भार नीट पेलतात, नाहीतर दोघांत फट तरी राहते किंवा ती एकमेकांना आवळून तापतात. किंमत पी-फोरच्या मानानं अगदीच थोडी होती. ही जोडी हंगाम संपेपर्यंत चालली, आणि भोकं तपासणं दर साफसफाईच्या कामांच्या यादीत कायमचं लिहिलं गेलं.

पी-फोरची उरलेली जोडी स्टोअरमध्ये पडून होती. इंजिनिअरनं तिच्याबद्दल विचारल्यावर काकूंनी कुपवाड एमआयडीसीतल्या एका ग्राइंडिंगवाल्याला बोलावून घेतलं. पाकिटाचं सील शाबूत, माल अस्सल, भावही उतरवलेला. तो पैसे काढायला लागला, तेव्हा काकूंनी हात आडवा धरला आणि त्याच्या स्पिंडलचे फेरे विचारले, चाकाचा दाब कोणत्या बाजूनं येतो ते विचारलं. फेरे भरपूर होते, भार हलका होता आणि बहुतेक आडवाच. मग त्यांनी पाकीट त्याच्या हातात दिलं.