घंटा थांबायला सांगते



वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूसह पवित्र मरियामाता कोरलेली दिसते. 1739 साली मराठ्यांनी वसई जिंकली, त्यानंतर तिथल्या चर्चमधून ही घंटा इकडे आली.

चर्चची घंटा सकाळी, दुपारी व संध्याकाळी देवदूताच्या प्रार्थनेसाठी वाजते. हातातले काम ठेवून माणूस देवाचे स्मरण करतो.

आज आपली मुले अभ्यासाला टायमर लावतात : 25 मिनिटे अभ्यास, 5 मिनिटे विश्रांती. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो ह्या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातल्या टायमरवरून ही पद्धत काढली. पद्धत चांगली आहे. पण टायमर वाजला की आपण तो बंद करतो आणि पुन्हा कामाला जुंपून घेतो. माझ्यावाचून सारे अडेल, असे आपल्याला वाटते. दमून आलेल्या प्रेषितांना मात्र प्रभूने एकांतात विसावा घ्यायला बोलावले (मार्क 6:31).

ह्या आठवड्यात टायमर वाजला की खरोखर थांबू या. एक ‘नमो मरिया’ म्हणू या. मग घरात आपली वाट पाहणाऱ्या आईवडिलांशी, लेकरांशी दोन शब्द बोलू या. काम देवाचे आहे, तसा विसावाही त्याचाच आहे.