‘ठाऊक नव्हतं’ म्हटल्यावर पाप फिटतं का?

ऑगस्ट 1998. दिल्लीतल्या रुग्णालयांत घरंच्या घरं भरती होऊ लागली. सुजलेले पाय, धाप, ताप, जुलाब. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलं गेलं होतं. साठाहून अधिक माणसं दगावली.

या विषाची लखनौला चांगली ओळख होती. डॉ. सिब्ते हसन झैदींनी 1965 मध्ये तिथे उभारलेल्या विषविज्ञान संशोधन केंद्रात मुकुल दास आणि सुभाष खन्ना यांनी धोत्र्याच्या तेलावर बरंच काम केलं होतं. त्यावरचा त्यांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध झाला 1997 मध्ये, म्हणजे दिल्लीच्या आदल्याच वर्षी.

पिवळा धोत्रा शेतात आपोआप उगवतो. त्याचं काळपट बी मोहरीत मिसळलं तर निवडणाऱ्या बाईच्याही नजरेतून निसटतं. घाण्यातून तेलात सँग्विनारीन उतरतं, केशवाहिन्या झिरपू लागतात, डोळ्यांतला दाब वाढतो, काहींचं हृदयच हात टेकतं. याला उतारा नाही. ते तेल बंद करायचं, सूज उतरवायची, हृदय आणि श्वास सांभाळायचा; अतिदक्षता विभागाच्या हाती एवढंच.

अशा वेळी नातेवाइकांच्या तोंडी प्रारब्ध येतं. पण या रोगात प्रारब्धाचा माग थेट कढईपर्यंत लागतो. एका कढईतलं जेवणारे सगळे आजारी पडतात आणि अंगावर पिणारं तान्हं बाळ बहुधा सुटतं. मग प्रश्न उरतो तो कर्त्याचा. तळून वाढणारी आई, तेल विकणारा दुकानदार, मोहरी गाळणारा घाणेवाला. ‘मला ठाऊक नव्हतं’ असं तिघेही म्हणतील. तिघांचंही म्हणणं सारख्याच वजनाचं धरायचं का?

या प्रश्नाचा एक जुना दाखला उत्तर प्रदेशाच्याच परिसरातला आहे. पावा गावच्या चुंद लोहारानं वाढलेलं जेवण जेवून बुद्ध आजारी पडले आणि पुढे कुशीनगरला त्यांचं निर्वाण झालं. जाण्यापूर्वी त्यांनी आनंदाला बजावलं, की चुंदाला कुणी दोष देऊ नये. उलट त्याच्या पदरी पुण्यच आहे. बौद्ध विचारात कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत असतं. आईचा निवाडा इथेच होतो.

दुकानदाराचा मात्र होत नाही. जैन आचार्य उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर बोट ठेवतं. मारायचं मनात नसलं तरी बेफिकिरीतून जीव गेला, तर ती हिंसाच. धोत्र्याच्या बाबतीत ही बेफिकिरी मोजताही येते. परीक्षानळीत तेल घेऊन नायट्रिक आम्ल घालून हलवलं, की तांबूस-नारिंगी रंग येतो. भेसळ साधारण पाव टक्का असली तरच ही चाचणी बोलते; कागदी क्रोमॅटोग्राफी त्याच्या कितीतरी खालचं प्रमाणही पकडते. जाणून घ्यायची सोय असताना ज्यानं विचारलंच नाही, त्याचं अज्ञान चुंदाच्या अज्ञानासारखं कसं मानायचं?

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये हाच पेच उभा राहिला. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन 14 रुग्ण गेले. खाटेपाशी औषध देणाऱ्यांना बाटलीत काय आहे हे कळायला मार्ग नव्हता. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं म्हणूनच खाटेपाशी न थांबता खरेदी, तपासणी आणि मंत्रालयापर्यंतची साखळी धुंडाळली.

कायद्याचीही या प्रश्नावर फिरवाफिरव झालेली दिसते. 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंध कायदा विक्रेत्याला साफ सांगे, की माल कसा आहे हे माहीत नव्हतं, एवढाच बचाव चालणार नाही. त्याची जागा घेणाऱ्या 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं, योग्य ती सगळी खबरदारी घेतल्याचं दाखवता आलं तर बचावाची वाट ठेवली. म्हणजे तो जवळजवळ उमास्वातींचाच प्रश्न विचारतो. अडचण एवढीच, की प्रयोगशाळा परवडणाऱ्या कारखानदाराला ही खबरदारी कागदावर दाखवता येते. गल्लीतल्या घाणेवाल्यानं ती कशी घ्यायची आणि तिचा खर्च पावशेर सुटं तेल नेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या माथी मारायचा की सरकारच्या, हे ठरवायला कुठलंच सूत्र पुरत नाही.