सनद आणि अमानत

शाळेचे प्रकल्प आता स्लाइडवर मांडले जातात. गोंदिया शहराला लागून असलेल्या आपल्या फुलचूरमध्येही मुले मोबाइलवर सादरीकरण तयार करतात. शोधलेला मजकूर चिकटवला, एखादे चित्र लावले की काम संपते. ‘माहिती तर सर्वांचीच असते, मग नाव कशाला लिहायचे?’ हा त्यांचा प्रश्न विचारपूर्वक उत्तर देण्याजोगा आहे.

ज्ञान सर्वांसाठी खुले आहे, हे खरेच. परंतु ते वापरण्याची मुभा म्हणजे ते आपणच मिळवले असे भासवण्याची मुभा नव्हे. आपल्याला न मिळालेल्या गोष्टीचा डौल मिरवणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी असत्याची दोन वस्त्रे परिधान करणाऱ्याची उपमा दिली आहे.

कर्मे हेतूंवर अवलंबून असतात, ही सहीह बुखारीतील पहिली हदीस. ती सांगण्यापूर्वी इमाम बुखारी (रह.) आपले गुरू हुमैदी यांचे नाव घेतात आणि सुफयान, यहया बिन सईद, मुहम्मद बिन इब्राहीम, अलकमा अशा क्रमाने हजरत उमर (र.) यांच्यापर्यंत पोहोचतात. सहा नावे, आणि मग प्रेषितवचन! ही सनद शोभेसाठी नव्हती. प्रत्येक दुवा पारखता यावा, यासाठी होती. पवित्र कुरआननेही वार्तेची शहानिशा करण्याची शिकवण दिली आहे (अल-हुजुरात, ४९:६). मराठीत इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तोही अस्सल कागदपत्रांच्या आग्रहातूनच.

समजा, एखाद्या मुलीने आपल्या जिल्ह्यातील सारस पक्ष्यांची संख्या स्लाइडवर लिहिली. ती कोणत्या वर्षीची? कोणी मोजली? वन विभागाचे कर्मचारी आणि पक्षिमित्र तळ्याकाठी, धानाच्या बांध्यांमध्ये जाऊन ही गणना करतात. आकड्याखाली त्यांचा उल्लेख नसेल, तर त्यांच्या श्रमाचा हक्क बुडतो. वर्ष नसेल, तर जुना आकडा आजचा ठरतो आणि खोटे बोलण्याचा हेतू नसतानाही ऐकणाऱ्याची फसगत होते.

स्पष्टता हाही याच अमानतीचा भाग आहे. प्रेषित (स.) असे बोलत की शब्द मोजू इच्छिणाऱ्याला ते मोजता यावेत, असे हजरत आयेशा (र.) सांगतात. म्हणून एका स्लाइडवर एकच मुद्दा असावा. शब्द थोडे, अक्षरे ठळक आणि मागच्या बाकावरूनही वाचता येतील अशी असावीत. चित्राखाली चित्रकाराचे किंवा छायाचित्रकाराचे नाव द्यावे. शेवटच्या स्लाइडवर लेखक, पुस्तक, वर्ष व पृष्ठ नोंदवावे. संकेतस्थळ असल्यास त्याचा पत्ता आणि ते पाहिल्याची तारीख लिहावी. ‘गूगल’ हा स्रोत नव्हे. तो केवळ वाट दाखवतो. प्रश्नांची उत्तरे लिहून देणाऱ्या यंत्राचे म्हणणेही मूळ ग्रंथाशी ताडून पाहावे लागते.

पालकांनो, गुण किती मिळाले हे विचारण्याआधी ‘बेटा, हे कोठून घेतलेस?’ एवढे विचारा. आज शाळेत स्रोत सांगणारे मूल उद्या बाजारात, न्यायालयात आणि घरातही ज्याचे त्याला देईल.

अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक ज्ञान आणि ते प्रामाणिकपणे पोहोचवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.