पाहण्याचा धर्म

परसातील तळ्याकाठी बसून चतुर, टाचण्या आणि बेडूक यांची छायाचित्रे घेण्याचा छंद आपल्या गोमंतकातील तरुणांत वाढू लागला आहे. छंद निर्मळ आहे. ‘शिकारी जीव घेतो, आम्ही केवळ छबी घेतो,’ असे ते म्हणतात आणि वरवर पाहता ते खरेही वाटते. परंतु जेथे रक्त सांडत नाही तेथे हिंसा नाहीच, असे म्हणता येईल काय?

पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांत अहिंसा पहिली. तिच्या पाठोपाठ सत्य आणि अस्तेय येतात. हे तिन्ही यम तळ्याकाठीही लागू पडतात.

प्रथम अहिंसेचा विचार करू. चतुराचे बाल्य पाण्यात जाते. तेथे तो डासांच्या अळ्या खाऊन वाढतो आणि एके दिवशी एखाद्या काडीवर चढून, कात टाकून बाहेर येतो. त्या वेळी त्याचे पंख ओले व मऊ असतात. ते ताठ होईपर्यंत त्याला उडता येत नाही. छायाचित्रकाराला हीच घटका सोयीची आणि चतुराच्या आयुष्यातील हीच घटका सर्वांत नाजूक. काडी ओढताना पंख दुमडला, तर तो जन्मभर तसाच राहू शकतो. बेडूक तर आपल्या ओलसर त्वचेतूनही श्वास घेतो. डास पळविण्याचे मलम चोपडलेल्या हाताने त्याला उचलून मनाजोग्या दगडावर बसविणे त्याला अपायकारक ठरते. ‘मारण्याचा हेतू नव्हता’ हे उत्तर येथे पुरत नाही. जाणून घेणे शक्य असता न जाणणे, हाही दोषच होय.

आता सत्य. कीटक हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये गारठवून मग फुलावर ठेवण्याची युक्ती काही जण योजतात. चित्र सुरेख येते. पाहणारा म्हणतो, ‘किती शांत बसला आहे!’ वस्तुतः ती शांतता नसून बधिरता असते. एकही शब्द न उच्चारता सांगितलेले ते असत्य होय.

तिसरे अस्तेय. पहिल्या पावसात मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात आणि शेतात, डबक्यांत त्यांचा घोष सुरू होतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ व्या सूक्तात ऋषींनी या घोषाची तुलना मंत्रपठण करणाऱ्या ब्राह्मणांशी केली आहे. त्याच रात्री काही लोक विजेऱ्या घेऊन त्यांना धरावयास निघतात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात आपल्या देशाने १९८७ साली बंद केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा ठरते. तथापि ती पुरती थांबलेली नाही. अशा वेळी चित्राखाली जागेचे नाव लिहून ते मोबाईलवरून सर्वत्र धाडले, तर दुसऱ्या रात्री त्या डबक्यावर कोण जाईल? जे आपले नाही, त्याचा पत्ता वाटण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मग हा छंद टाकून द्यावा काय? मुळीच नाही. बेडकाच्या डोळ्याभोवतीचे सोनेरी वलय ज्या मुलाने एकदा चित्रात न्याहाळले, त्याचा हात पुढे दगड उचलताना अडखळेल. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून खेळणाऱ्या पोरांना शंभर उपदेशांपेक्षा असे एक चित्र अधिक शिकविते.

फक्त पाहण्याची रीत देवळात शिकावी. दर्शनास आलेला भाविक मूर्तीला आपल्याकडे वळवून घेत नाही. तो स्वतः उंबरठ्यापाशी उभा राहतो, पडदा असल्यास तो दूर होण्याची वाट पाहतो, आणि गर्दीमुळे ओझरते दर्शन झाले तरी समाधानाने परततो. तळ्याकाठीही असेच उभे राहावे. चतुर उडून गेला तर जाऊ द्यावा. तो पुष्कळदा त्याच काडीवर परत येतो. न आला तरी त्याने आपले काही हिरावून नेलेले नाही.

देवळाच्या तळीवर कॅमेरा घेऊन येणाऱ्या तरुणांनी एवढे पथ्य पाळावे: जिवाला हात लावू नये, उचललेला दगड होता तसा ठेवावा आणि पावसातील बेडकांचा ठावठिकाणा आपल्यापाशीच राखावा.