अवर्षण आणि दैव

अवर्षण दैवाधीन मानले, तरी त्या अवर्षणात कोणाची घागर भरावी आणि कोणाची रिती राहावी, हेही दैवच ठरविते काय, हा प्रश्न कर्मसिद्धान्तावर श्रद्धा असणाऱ्याने स्वतःस विचारलाच पाहिजे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे रयतेस खुली केली, अशी परंपरा आहे. त्या कथेत भुकेल्यांचे पूर्वसंचित तपासण्यास तो सत्पुरुष थांबला नाही, आणि धान्याची रक्कम भरण्यास साक्षात् विठ्ठल बिदरच्या दरबारी गेला तो विठू महाराच्या रूपाने, म्हणजे ज्यांना गावच्या पाणवठ्यास स्पर्श करण्याची मनाई होती त्यांच्यापैकी एक होऊन! ती कथा शतकानुशतके भक्तिभावाने ऐकणाऱ्या या देशात, महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, याचे दुःख अजून शमत नाही.

आता तर दैवाची सबबही उरलेली नाही. कोळसा आणि खनिज तेल जाळून मनुष्यानेच वातावरण तापविले, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. जाळणारा मात्र एक आणि होरपळणारा दुसरा, अशा या विपरीत कर्मफळाचे समर्थन कोणत्याही धर्मशास्त्रास करता येणार नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच मराठवाड्यात उसाचे मळे आणि साखर कारखाने उभे होते. १९७२ च्या दुष्काळाचा अनुभव घेतलेल्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून मागेल त्यास काम देण्याचे मान्य केले. तसाच पिण्याच्या पाण्याचा हक्क उसाच्या पाटाआधी प्रत्यक्ष बजावला जावा, ही मागणी सरकारदरबारी जाण्यापूर्वी मंदिरांच्या सभामंडपांतून, कीर्तनकारांच्या मुखाने उठावयास हवी.