हिवाळ्यातला खाडा

ऊस थंडीत गोड होतो. रात्री गार आणि दिवस उन्हाचे असले की उसाची वाढ मंदावते, त्यात साखर साठते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत कारखान्यांना चांगला उतारा मिळतो. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकी त्यातली साखर घटते, त्यामुळे गाळप चोवीस तास चालते. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती अशा बारामती-इंदापूरच्या कारखान्यांचा कामाचा जोर ऐन थंडीत असतो. हिवाळ्यात कामगारांची काळजी कशी घ्यावी, हा प्रश्न आपल्या भागात कुठे विचारायला हवा, ते यावरून ठरते. पुण्यातल्या कंपन्यांत थंडीच्या दिवसांत सर्दी-तापाची रजा, घरून काम, मन उदास होणे यांवर चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच जिल्ह्यात, उसाच्या फडात, हिवाळाभर राबणाऱ्या माणसांची गणना कर्मचारी म्हणून होतच नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, शेवगाव, जालना, चाळीसगाव अशा भागांतून टोळ्या निघतात. नीरेच्या डाव्या कालव्यावरच्या बागायती गावांत, कारखान्याच्या तळावर किंवा फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कमानी, वर चटई किंवा प्लास्टिकचा कागद, खाली जमीन. बाई अंधारातच उठते, चूल पेटवते, भाकरी थापते आणि उजाडायच्या सुमारास नवऱ्याबरोबर फडात उतरते. त्या वेळी पाचट दवाने निथळत असते. पहिल्या तासाभरातच कपडे ओले होतात, उसाच्या पात्याने हात-गाल चिरतात. दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणे. गाडी रात्री उशिरा आली तर झोपेतून उठून ती भरायची. पाणी उघड्यावरचे आणि गार, संडास नाही, आंघोळ अंधारातच उरकायची. लहान मूल पाचटावर फाटक्या गोधडीत निजलेले असते. त्याला खोकला झाला तर दवाखाना दूर, आणि दवाखान्यात जायचे म्हणजे दिवस बुडवायचा.

दिवस बुडवण्याला फडावर खाडा म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम त्या कोयत्याला उचल देतो आणि ती टनावारीच्या मजुरीतून फेडायची असते. दोघांपैकी एक जण आजारी पडला तरी कोयता थांबतो आणि त्या दिवसाची मजुरी जाते. अनेक टोळ्यांत वर दंडही बसतो. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. त्यामुळे ताप अंगावर काढला जातो, कंबरेचे दुखणे आणि पाळीचा त्रासही तसाच सोसला जातो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. पाहणीतल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी सुमारे १३ हजार ८०० जणींचे गर्भाशय काढलेले होते. या शस्त्रक्रियांमागे कारणे अनेक आहेत, पण आजारी पडायला परवानगी नसणे हे त्यातले एक मोठे कारण आहे.

कारखान्याच्या फाटकाच्या आत हे चित्र वेगळे आहे. तिथे १९४८ चा कारखाना अधिनियम आला. दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, साप्ताहिक सुट्टी, भरपगारी रजा, विश्रांतीची खोली, पाळणाघर या गोष्टी आत काम करणाऱ्याला हक्क म्हणून मिळाल्या. फाटकाबाहेर ऊस तोडणारा मात्र कागदोपत्री कारखान्याचा कुणीच नसतो. करार वाहतूकदाराशी, पैसा मुकादमाकडून, ऊस शेतकऱ्याचा, साखर कारखान्याची. जबाबदारी इतक्या हातांत वाटली गेली की ती कुणाच्याच हातात राहिली नाही.

उचलीची ही गोष्ट याच भागातल्या सुपे गावाशी जोडून सांगायला कारण आहे. सुपे जिराईत पट्ट्यातले, मोरगाव-चौफुला रस्त्यावरचे बाजाराचे गाव. १२ मे १८७५ रोजी इथल्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दारात उभे राहिले, वह्या आणि कर्जरोखे ओढून काढले आणि पेटवले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक ठिकाणी पसरले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करण्यावर त्याने बंधन घातले, आणि सावकाराच्या हिशेबाची मुळापासून तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. आगाऊ घेतलेला पैसा माणसाच्या श्रमावर, शरीरावर मालकी सांगू शकत नाही, ही जाणीव या मातीत दीडशे वर्षांपूर्वी आली होती. उचलीचा हिशेब आजही बहुधा मुकादमाच्या वहीत असतो. कामगाराला तो वाचता येत नाही, आणि तपासायला तिसरा माणूस नसतो.

दर हिवाळ्यात तळावर ब्लँकेट वाटली जातात. देणाऱ्यांची भावना खरी असते आणि ब्लँकेटने रात्र थोडी सुसह्यही होते. पण ब्लँकेट पांघरून निजायलाही सुट्टी लागते. म्हणून कामगाराच्या आरोग्याची सुरुवात मला वस्तूंपासून करावीशी वाटत नाही, थांबण्याच्या हक्कापासून करावीशी वाटते. आजारपणाचा, बाळंतपणाचा, पाळीचा खाडा धरायचा नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांतीचा. रात्री ठरावीक वेळेनंतर गाडी भरायला लावायची नाही. उचलीची लेखी पावती आणि हंगामाच्या मध्यावर हिशेबाची प्रत. त्याच्या जोडीला तळावर गरम पाणी, संडास, दिवा, पाळणाघर आणि आठवड्याला एकदा येणारे आरोग्य पथक. यातली एकही गोष्ट अशक्य नाही, आणि साखर उद्योगाच्या उलाढालीपुढे मोठ्या खर्चाचीही नाही.

शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरवले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढही मान्य झाली. ही पावले मोलाची आहेत. पण दर वाढला तरी थांबण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. उचल डोक्यावर असेल तर वाढीव दरासाठीही माणूस तापात कोयता चालवतो.

बारामती-इंदापुरातले बहुतेक जुने कारखाने सहकारी आहेत. म्हणजे त्यांचे मालक आपणच, उसाचे सभासद. वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण उसाच्या दरावर तासन्‌तास बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. येत्या सभेत आणखी एक ठराव मांडा: आपल्या कारखान्याचा ऊस तोडणाऱ्या कुणाचाही आजारपणाचा खाडा धरला जाणार नाही, आणि त्या दिवसांचा भार कारखाना उचलेल. हा ठराव मांडायला नवा कायदा लागत नाही. एक सूचक आणि एक अनुमोदक पुरेसा आहे.